माणदेशातले हिरवे पाणी

सातारा जिल्ह्याची वाटणी करताना विधात्याने पश्चिमेकडच्या भावाला पाऊस दिला आणि पूर्वेकडच्या भावाला नुसता सातबारा दिला, असे माणदेशात फिरताना वाटू लागते. महाबळेश्वरला वर्षाकाठी दोनशे इंचांहून अधिक पाऊस कोसळतो. त्याच जिल्ह्यातल्या माण तालुक्यात वीस इंच पडला, तर म्हातारी माणसे त्या सालाला ‘चांगलं साल’ म्हणतात. तिकडे कासच्या पठारावर साचलेल्या पाण्यात वायतुरा नावाची एक पाणवनस्पती उगवते. इंग्रजी ‘वाय’ अक्षरासारखा दुभंगलेला तिचा तुरा पाहायला शहरातून मोटारी भरभरून जातात. इकडे माणदेशात पाण्यातली वनस्पती पाहायची, तर आधी पाणी पाहावे लागते.

त्यामुळे म्हसवडला हवा पालटायला कोणी जात नाही. मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदेला सिद्धनाथाचा रथ निघतो, त्या दिवशी मात्र गावात मुंगीला शिरायला जागा नसते. दिवाळीच्या पाडव्याला घट बसतात, तुळशीच्या लग्नाला सिद्धनाथ आणि जोगेश्वरी यांचा विवाह लागतो आणि मग त्या नवपरिणित देवदंपतीची वरात म्हणजे ही रथयात्रा. गुलाल आणि खोबरे यांची अशी उधळण होते की, माणूस घरी परतला तरी आठ दिवस त्याच्या कानामागून गुलाल निघतो. ‘सिद्धनाथाच्या नावानं चांगभलं’ ही आरोळी एकदा ऐकली की विसरत नाही.

मी मात्र गेलो तो ऐन मे महिन्यात. आमच्या सौभाग्यवतींची धाकटी बहीण म्हसवडला दिलेली आहे. तिचे यजमान, म्हणजे आमचे साडू, तेथे माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवतात. मी महाविद्यालयात मराठी शिकवतो. दोन साडू एकत्र आले म्हणजे सासुरवाडीची उणीदुणी काढतात असा लौकिक आहे. आम्ही दोघे शास्त्र थोर की काव्य थोर, यावर भांडतो. घरच्या मंडळींच्या मते हा प्रकार उण्यादुण्यांपेक्षा अधिक कंटाळवाणा आहे.

साताऱ्याहून पंढरपूरच्या रस्त्याला लागले की पुसेगाव, दहिवडी, गोंदवले असे करीत गाडी म्हसवडला पोचते. गोंदवल्याला महाराजांच्या समाधीपाशी निम्मी गाडी उतरते आणि उरलेल्या निम्म्या गाडीत मग बोलणे सुरू होते ते पाण्याचे. कोणाच्या बोअरला किती फुटांवर पाणी लागले, कोणाच्या विहिरीने तळ दाखवला, टँकर किती दिवसांनी येतो. पुण्यामुंबईकडे माणसे ज्या आस्थेने शेअरबाजाराविषयी बोलतात, त्याच आस्थेने येथे भूगर्भातल्या पाण्याविषयी बोलतात. खिडकीबाहेर काळे माळ, बाभळी, मधूनच एखादी डाळिंबाची बाग आणि मेंढरांचा कळप. ‘माणदेशी माणसे’ हे व्यंकटेश माडगूळकरांचे पुस्तक १९४९ साली आले. तेव्हापासून पुस्तकी वाचकाला या मुलखाची ओळख आहे. पण पुस्तकात ऊन लागत नाही, हे गाडीतून उतरल्यावर ध्यानात येते.

गाव मात्र मोठे नांदते आहे. बाजारपेठ आहे, घोंगडी विकणारे आहेत. १९९७ साली चेतना सिन्हा यांनी येथल्या कष्टकरी बायकांना बरोबर घेऊन काढलेली माणदेशी महिला सहकारी बँक आहे. २०१२-१३ च्या दुष्काळात त्यांच्याच संस्थेने येथे जनावरांची छावणी चालवली होती; माणसे गुरांसकट त्या छावणीत राहायला गेली होती. त्या दिवसांची आठवण गावात अजून निघते. माणगंगेचे पात्र गावाला लागूनच आहे. मे महिन्यात त्या पात्राला नदी म्हणायला थोडी श्रद्धा लागते.

अशा या गावात, आमच्या साडूंच्या ओसरीवर, खिडकीलगत तीन फूट लांबीची एक काचेची पेटी ठेवलेली होती आणि तिच्यात पाणी होते.

आमची भाची दहावीची परीक्षा देऊन मोकळी झाली होती. जूनमध्ये ती साताऱ्याला शिकायला जाणार होती. नववीच्या बक्षिसाचे आणि दोन दिवाळ्यांच्या ओवाळणीचे पैसे साठवून तिने फेब्रुवारीत ती पेटी आणली होती. तिला नुसते मासे नको होते; पाण्याखाली बाग हवी होती. जपानमध्ये ताकाशी अमानो नावाचे एक गृहस्थ होऊन गेले. १९५४ साली जन्मलेले हे गृहस्थ आधी सायकलच्या शर्यतीत उतरायचे, मग छायाचित्रकार झाले आणि पुढे काचेच्या पेटीत रान, डोंगर आणि कुरणे उभी करण्याची कलाच त्यांनी जगाला दिली. २०१५ साली ते वारले. त्यांच्या बागांची चित्रे भाचीने पाहिली होती. तिने माणगंगेची वाळू धुऊन तळाला पसरली, दगड मांडले, पट्टीसारखी लांब पाने असलेली व्हॅलिस्नेरिया आणि शाळेच्या प्रयोगशाळेतून आणलेली हायड्रिला लावली आणि आरोग्य केंद्रातून, डासांच्या अळ्या खातात म्हणून मिळणारे गप्पी मासे आणून सोडले. ‘गप्पी’ हे नाव त्यांच्या बोलक्या स्वभावावरून पडलेले नाही, ट्रिनिदादमधल्या रॉबर्ट गप्पी नावाच्या निसर्गाभ्यासकाचे ते आडनाव आहे, हे मी तिला सांगितले. साडू म्हणाले, “मराठीचे प्राध्यापक असेच. मासा सोडून माशाच्या नावाच्या मागे लागतात.”

मी गेलो तेव्हा मात्र मासाही दिसत नव्हता आणि बागही दिसत नव्हती. पेटीतले पाणी पालक उकडून काढल्यासारखे हिरवे झाले होते.

“काका, पहिले पंधरा दिवस काचेवर तपकिरी थर आला,” भाची सांगू लागली. “तो आपोआप गेला. मग हिरवे ठिपके आले, ते मी पुसले. मग पानांच्या कडांना काळे केस आले, दाढीच्या ब्रशासारखे. आणि आता हे.”

तिने आठवड्याला चौथा हिस्सा पाणी बदलून पाहिले होते. सगळ्या पुस्तकांत तसेच लिहिलेले असते. त्या पुस्तकांत म्हसवड लिहिलेले नसते.

येथे या गोष्टीत साडूंच्या मातोश्री येतात. वय पंचाहत्तरीच्या घरात, कंबर थोडी वाकलेली, नजर मात्र शाबूत. १९७२ च्या दुष्काळात त्या नव्या नवरी होत्या. खडी फोडायच्या कामावर जायच्या, कामावर मिळालेली सुकडी पदरात बांधून घरी आणायच्या आणि रात्री विहिरीच्या तळाशी उतरून, वाटीवाटीने पाझर भरून, एक घागर वर चढवायच्या. त्यांच्या दृष्टीने पाण्याचे माप लिटर नाही, गॅलन नाही, घागर.

“पाव्हणं,” त्या मला म्हणाल्या, “तुमी शिकल्यालं हाय. सांगा, त्या काचंत किती घागरी हायती?”

साडूंनी हिशेब केला. तीन फूट लांब, सव्वा फूट रुंद, सव्वा फूट उंच. वाळू आणि दगड वजा जाता एकशेआठ लिटर. बारा लिटरची घागर धरली तर नऊ घागरी.

“नऊ घागरी पानी मांडून ठिवलंय,” आजी म्हणाल्या, “आन् वर आटवड्याला दोन घागरी वततीया. बोअर आता करंगळीयेवढं पानी द्याया लागलंय. त्यातनं त्ये हिरवं. ढोरसुदिक त्वांड लावनार न्हाई. पोर साताऱ्याला जायाच्या आदी ह्याचा निकाल लावा.”

भाचीच्या डोळ्यांत पाणी आले. आजींना ते दिसले. पण शब्द मागे घेण्याचा त्यांचा स्वभाव नव्हता. मुदत पडली तीन आठवड्यांची. माझा दोन दिवसांचा मुक्काम, पाहुणचार, आंबे आणि आग्रह मिळून, तीन आठवड्यांचा झाला, तो असा.

शेवाळ या वस्तूविषयी माझे ज्ञान तोवर वाङ्मयीन होते. संस्कृतातले ‘शैवल’ ते मराठीतले शेवाळ. ज्ञानेश्वरीत त्याला ‘बाबुळी’ असा एक गोड शब्द आहे. पाण्यातच उपजते आणि पाण्यालाच झाकते, असा तो मायेसाठी दिलेला दृष्टान्त. मी तो ओसरीवर सांगितला. साडू प्रथमच माझ्या बोलण्यावर खूश झाले. “अहो, हेच तर! बाहेरून कोणी आणून घालत नाही. पाण्यात खायला आहे, वर उजेड आहे, आणि खाणारे दुसरे कोणी नाही, की ही उपजली.”

मग त्यांनी सगळा प्रकार मला समजावून सांगितला. शेवाळ आणि पाणवनस्पती या दोघांचा आहार एकच: उजेड, कर्बवायू, आणि पाण्यात विरघळलेली नत्र, स्फुरद यांसारखी खते. माशांची विष्ठा, न खाल्लेले खाद्य, कुजलेली पाने यांतून ही खते पाण्यात येतात. शेतातल्या खतांचा अंश विहिरीच्या पाण्यातूनही येतो. वनस्पती जोरात वाढत असतील तर त्या हे सारे खाऊन टाकतात. त्या रोडावल्या की उरलेल्या पंगतीवर शेवाळ बसते. भाचीचा दिवा सकाळी सहा ते रात्री दहा जळत होता, वर खिडकीतून पूर्वेचे ऊन येत होते आणि चार गप्पींचे तोवर चाळीस झाले होते. उजेड अतोनात, खाणारी तोंडे अतोनात, वनस्पती मात्र मूठभर.

शेजारच्या डाळिंबवाल्या गृहस्थांनी सोपा उपाय सुचवला. बोर्डो मिश्रणासाठी त्यांच्याकडे मोरचूद होतेच. “चिमूटभर टाका, मास्तर, सकाळपर्यंत पाणी काच होतंय.” साडूंनी हात जोडले. मोरचुदातले तांबे शेवाळाला मारते हे खरे. पण ते गोगलगाईंना मारते, नाजूक पाने जाळते आणि मात्रा चुकली तर माशांनाही सोडत नाही. त्याहून वाईट म्हणजे, एवढे शेवाळ एकदम मेले की ते कुजताना पाण्यातला प्राणवायू ओढून घेते. मे महिन्यातल्या कोमट पाण्यात तो आधीच कमी असतो. शेवाळ मरायचे आणि मासेही मरायचे.

साडूंनी खिडकीत बाटल्या मांडल्या. चारही बाटल्यांत पेटीतले हिरवे पाणी. पहिली तशीच उन्हात. दुसरी काळ्या कागदात गुंडाळलेली. तिसरीत हायड्रिलाची मूठभर काडी. चौथीत युरियाचे चार दाणे. आजी येताजाता त्या बाटल्यांकडे लोणच्याच्या बरणीकडे पाहावे तशा पाहू लागल्या. आठव्या दिवशी काळा कागद सोडला, तेव्हा आतले हिरवे तळाला बसले होते आणि वरचे पाणी निवळले होते. हायड्रिलाच्या बाटलीतला रंग उतरला होता. युरियाच्या बाटलीतून पलीकडचे काही दिसत नव्हते.

“म्हंजी रानात टाकत्यात त्योच युरिया?” आजींनी विचारले.

“तोच.”

“आन् रानातला युरिया पावसानं कुठं जातूया?”

साडू माझ्याकडे पाहून म्हणाले, “हा प्रश्न माझ्या वर्गात अजून कोणी विचारलेला नाही.” दुसऱ्या दिवशी आम्ही राजेवाडीचा तलाव पाहायला गेलो.

वाचकहो, म्हसवडला गेलात तर हा तलाव चुकवू नका. इंग्रजी कागदपत्रांत त्याला म्हसवडचा तलाव म्हणतात. १८७६-७७ च्या भीषण दुष्काळात, भुकेल्या माणसांना काम म्हणून त्याची माती पडू लागली. सुमारे दीड मैल लांबीचा मातीचा बांध, उंची कोठे कोठे ऐंशी फूट. तलाव पूर्ण भरला म्हणजे सहा चौरस मैल पाणी पसरावे, असा हिशेब. येथे सातारा, सांगली आणि सोलापूर जिल्ह्यांच्या शिवा जवळ जवळ आलेल्या आहेत. पाणी मात्र तिघांनाही हवे आहे. त्या बांधावर उभे राहिले म्हणजे एक विचार मनातून जात नाही. ज्या माणसांच्या पोटात अन्न नव्हते, त्यांनी डोक्यावरून पाट्या वाहून हे पाणी अडवले. त्यांतल्या कितीकांना ते भरलेले पाहायला मिळाले नसेल.

मे महिन्यातला तलाव आकसून मध्यभागी गेला होता. भेगाळलेला गाळ, त्यावर गुरांची पावले आणि पाण्याच्या कडेला हिरव्या रंगाची साय. ओसरीवरच्या पेटीत जे घडले, तेच येथे मैलाच्या मापाने घडले होते. पाणी उथळ झाले, तापले, स्थिर झाले. पावसाळ्यात शिवाराशिवारातून वाहून आलेले खत त्या थोड्या पाण्यात आटून दाट झाले. वर बारा तासांचे माणदेशी ऊन. आजींच्या प्रश्नाचे उत्तर समोर पसरले होते.

एक मेंढपाळ मेंढरे पाण्यावर आणत होता. तो सरळ जवळच्या काठाला न जाता वळसा घालून पलीकडे चालला होता. मी कारण विचारले.

“वारं जिकडं लोटतं तिकडं ह्यो मळ साचतुया,” तो म्हणाला. “त्या अंगाला जितराब पाजायचं न्हाई. वाऱ्याच्या तोंडाकडं पाजायचं.”

साडूंनी मान डोलावली. काही निळसर-हिरव्या शेवाळांत, जी वास्तविक शेवाळे नसून एक जातीचे जीवाणूच असतात, विष असते आणि दाट साय पिऊन गुरे दगावल्याची उदाहरणे देशोदेशींच्या ग्रंथांत आहेत. ती साय वाऱ्याच्या दिशेला जमते, हेही ग्रंथांत आहे. मेंढपाळाला ते ग्रंथांवाचून ठाऊक होते. आम्ही बाटलीभर पाणी घेतले आणि परतलो. पाचवी बाटली खिडकीत लागली.

संध्याकाळी साडूंनी भाचीला एक जुनी हकीकत सांगितली. लंडनमध्ये रॉबर्ट वॉरिंग्टन नावाचा एक रसायनशास्त्रज्ञ होता. १८५० च्या सुमारास त्याने बारा गॅलनच्या काचपात्रात दोन सोनमासे आणि व्हॅलिस्नेरिया ठेवली, अगदी भाचीच्या पेटीतली तीच वनस्पती. मासे श्वासाने पाणी बिघडवतात, वनस्पती ते सुधारते, तेव्हा पाणी न बदलता दोघे जगतील, हा त्याचा तर्क. काही दिवस सारे ठीक चालले. मग जुनी पाने कुजू लागली, काचेवर हिरवा थर चढला, पाणी गढूळ झाले. वॉरिंग्टनने पाणी ओतून दिले नाही. त्याने तळ्यातल्या पाचसहा गोगलगाई आणून सोडल्या. त्यांनी कुजकी पाने आणि शेवाळ खाल्ले, त्यांच्या अंड्यांवर मासे जगले आणि पात्र स्थिरावले. घरोघरच्या काचपेट्यांची कुळकथा येथून सुरू होते. पुढे अमेरिकेत डायना वॉलस्टॅड नावाच्या बाईंनी १९९९ साली एक पुस्तक लिहून हाच विचार पुन्हा मांडला: वाळूखाली साधी माती घाला, वनस्पती भरपूर लावा, मासे थोडे ठेवा आणि पाणी क्वचितच बदला.

“ह्या बाईला दुस्काळ म्हाईत असनार,” आजी म्हणाल्या.

आठ दिवसांच्या बाटल्यांनी आणि या हकीकतीने वातावरण थोडे निवळले होते. साडूंनी कामाला हात घातला. चाळीसपैकी तीस गप्पी शाळेच्या हौदात गेले. तेथे डासांच्या अळ्यांची ददात नव्हती. ज्या पानांवर काळे केस चढले होते ती पाने कात्रीने कापून काढली, कारण तो प्रकार एकदा पानाला धरला की पुसून जात नाही. खाद्य दिवसातून एकदाच, दोन मिनिटांत संपेल एवढे. भाचीने शेताची चिकणमाती चाळून तिच्या लिंबाएवढ्या गोळ्या वाळवल्या आणि व्हॅलिस्नेरियाच्या मुळांशी वाळूत खोल खुपसल्या. मुळांना खायला मिळावे आणि पाण्यात मात्र काही उतरू नये, हा हेतू. शाळेच्या बागेतल्या टाक्यातून आणखी हायड्रिला आणि डझनभर गोगलगाई आल्या. वायतुरा लावावा अशी भाचीची फार इच्छा होती. साडूंनी नाही म्हटले. साताऱ्याकडच्या सड्यांवरच काय ती उरलेली ती जात. ती तेथेच पाहायला जायचे, उपटून आणायची नाही.

आता राहिला अंधार. काळ्या कागदाच्या बाटलीने मार्ग दाखवला होता: चार दिवस पेटीत उजेडाचा किरण जाऊ द्यायचा नाही. वनस्पतींच्या अंगात चार दिवसांची शिदोरी असते. पाण्यात तरंगणाऱ्या एकपेशी शेवाळाजवळ ती फारशी नसते. एवढी मोठी पेटी झाकायला काळा कागद गावात मिळेना. साडू चादरी शोधू लागले. आजी आत गेल्या आणि त्यांनी आपले काळे घोंगडे आणून पेटीवर टाकले. माणदेशी लोकरीचे, हाताने विणलेले, पावसात पाणी न गळणारे आणि उन्हात उजेड न गळणारे.

“चार दीस कुनी उगडून बगायचं न्हाई,” त्यांनी सर्वांना बजावले. “दह्याचं ईरजन हालवत्यात व्हय?”

ते चार दिवस घरात पेटीचाच विषय. आतून फक्त हवेच्या पंपाची गुरगुर ऐकू यायची. खाद्य बंद. भाची रात्री घोंगड्याला कान लावून बसायची. पाचव्या दिवशी सकाळी आजींनी स्वतः घोंगडे ओढले. पाणी काचेसारखे झाले होते असे लिहिण्याचा मोह होतो, पण ते पातळ ताकासारखे धुरकट होते. हिरवेपणा मात्र गेला होता. व्हॅलिस्नेरियाची पाने दिसत होती आणि त्यांच्यामधून दहा गप्पी भुकेने काचेकडे धावत होते.

मेलेले शेवाळ बाहेर काढायचे म्हणजे तिसरा हिस्सा पाणी बदलणे भाग होते. तीन घागरी. साडू नळीने पाणी उपसून मोरीकडे निघाले, तोच आजींनी हाक मारली.

“कुठं निगालास? लिंबाला वत.”

परसात लिंबाचे झाड होते, सात-आठ वर्षांचे. दुष्काळातही आजी त्याला आठवड्याला दोन घागरी बोअरचे पाणी द्यायच्याच. त्या थोडा वेळ झाडाकडे पाहत उभ्या राहिल्या आणि मग त्यांनी जो हिशेब मांडला, तो ओसरीवरच्या दोन्ही पदवीधरांना सुचला नव्हता.

“ह्या झाडाला दोन घागरी द्याच्याच हायत. त्या बोअरवरनं सरळ हितं येत्यात. त्येच पानी आदी काचंत जाऊ द्या आन् काचंतलं झाडाला येऊ द्या. म्हंजी पोरीच्या पेटीला येगळं पानी लागतंय कुठं?”

साडू गप्प झाले. हिशेब चोख होता. शिवाय माशांच्या पाण्यात नत्र आणि स्फुरद असते. शेवाळाला जे पोसते, तेच लिंबाला पोसते. एका जागी जी घाण, ती दुसऱ्या जागी खत. उरला प्रश्न वाफेचा. उन्हाळ्यात उघड्या पेटीतून दिवसाला जवळजवळ एक लिटर पाणी उडते, म्हणजे बारा दिवसांना एक घागर. “रांजान उगडा ठिवतं का कुनी?” एवढेच आजी म्हणाल्या. दुपारपर्यंत पेटीवर काचेचे झाकण बसले. पूर्वेच्या खिडकीला पडदा लागला आणि दिव्याला वेळेचे बटण लागून त्याचे सोळा तासांचे सात तास झाले.

तिसऱ्या आठवड्याच्या अखेरीस पाण्यातून समोरची भिंत दिसू लागली. काचेवर हिरवे ठिपके अजून होते, ते गोगलगाई चरत होत्या. शेवाळ समूळ जात नाही आणि जायचे कारणही नाही, असे साडूंचे म्हणणे. निरोगी पाण्यात ते थोडे असतेच. ते धनी होऊन बसू नये एवढेच पाहायचे. दुपारी उजेडात हायड्रिलाच्या काड्यांवरून प्राणवायूचे बारीक बुडबुडे मोत्यांच्या सरीसारखे वर चढू लागले. गल्लीतली पोरे ते पाहायला यायची. त्यांतल्या बहुतेकांनी वाहती नदी वर्षातून फार तर काही आठवडे पाहिलेली. नदीच्या पोटात काय असते ते त्यांनी प्रथम या काचेत पाहिले. ती आली की आजी त्यांना हात लावू देत नसत आणि गप्पी म्हणजे काय ते सांगत. मी दिलेली ट्रिनिदादची माहिती त्यात नसे.

पाचव्या बाटलीतले, तलावाचे पाणी मात्र तसेच हिरवे राहिले. सहा चौरस मैलांवर घालायला कोणाकडे घोंगडे नाही. तेथे एकच उपाय: जे पाण्यात येते ते येण्याआधी अडवायचे. शेताच्या बांधावर गवताचा पट्टा राखायचा, खत पिकाला हवे तेवढेच घालायचे, गावचे सांडपाणी ओढ्यात सोडण्याआधी झाडांना फिरवायचे. आजींच्या लिंबाचाच हिशेब. फक्त घागरीऐवजी ओढा धरायचा. साडूंनी ती बाटली शाळेत नेली आहे. आठवीच्या वर्गात ती खिडकीत असते आणि पावसाळ्यात दर महिन्याला तलावाचे ताजे पाणी आणून मुले रंगाची नोंद ठेवतात.

जूनमध्ये भाची साताऱ्याला गेली. पेटी कोणी सांभाळायची, हा प्रश्न निघालाच नाही. सकाळी चिमूटभर खाद्य घालणे आणि आठवड्याला दोन घागरींची फेरी, दोन्ही कामे आजींकडे आहेत. दिवा लावण्याचे त्यांना पटत नाही, पण तो बटणाने आपोआप लागतो, त्यामुळे त्याचा दोष कोणाकडे जात नाही.

गणपतीनंतर साडूंचे पत्र आले. सोबत, ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळलेली व्हॅलिस्नेरियाची सहा रोपे एस.टी.च्या पार्सलाने आली. आमच्या मुलांनी पुण्याच्या घरी अशीच पेटी मांडायचा हट्ट धरला आहे, हे त्यांच्या कानावर गेले होते. पत्राच्या शेवटी आजींचा निरोप होता. साडूंनी तो शुद्ध मराठीत लिहिला होता, पण मला तो त्यांच्याच बोलीत ऐकू आला: पाव्हण्यांना म्हणावं, पेटीच्या आदी झाड लावा. झाड न्हाई तर पेटी न्हाई.

आमच्या गॅलरीत कढीलिंबाची कुंडी आली आहे. पेटी पुढच्या महिन्यात येईल.